मुद्देमालातले चाकू

अमडापूर
१२ सप्टेंबर २०२४

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

पत्र पाहून नवल वाटेल. माझा मोबाइल पोलीस ठाण्यात जमा आहे. आमच्या दीपकच्या मोबाइलवरून तुम्हाला लावून पाहिलं, रिंग पूर्ण जाते, कोणी उचलत नाही. बुलढाण्याला घरी जाऊन आलो तर कुलूप. शेजारच्या बाई म्हणाल्या, सर नि वहिनी पुण्याला मुलाकडे, गंधारकडे गेले. तुमच्या गंधारचा पत्ता माझ्याकडे होता, त्याला एकदा तुरीची डाळ पाठवली होती तेव्हाचा. त्या पत्त्यावर हे टाकतो.

वकिलांनी सांगितलं आहे, की झालेलं सगळं पहिल्यापासून क्रमानं लिहून काढा, म्हणजे कोर्टात अडखळणार नाही. तेच लिहायला बसलो होतो. मग वाटलं, तुम्हालाही तसंच लिहावं. लोकांकडून तुमच्यापर्यंत काय काय आलं असेल कोण जाणे.

तर असं लिहिलं आहे. मी भागवत, एसटीचा रिटायर कंडक्टर, राहणार अमडापूर. बुलढाण्याचे सुधाकर सर हायस्कुलात मराठी शिकवायचे. आम्ही दोघं जुने घडीचे चाकू जमवतो. सुरुवात दुसरबीडला झाली. गाडी चहाला थांबली होती, सर माझ्याच गाडीत होते. भंगारवाल्याच्या ढिगात आम्हा दोघांचा हात एकाच चाकूवर पडला. शिंगाची मूठ, पितळेचं टोक, पातं गंजून आत बसलेलं. सर म्हणाले, 'तुम्ही घ्या.' मी म्हटलं, 'तुमीच घ्या सर, ड्युटीवर चाकू मले काय कामाचा.' मग त्यांनी तो रॉकेलमध्ये भिजवून, साफ करून, उघडून पुढच्या फेरीला मला दाखवायला आणला.

हे वकिलांनी सगळं खोडलं. म्हणाले, एवढं कोर्टाला नको. तुमच्यासाठी मी ठेवलं आहे.

पुढचं. आमच्या वडिलांच्या पिढीत प्रत्येक माणसाच्या खिशात चाकू असायचा. सुतळी कापायला, ऊस सोलायला, बैलाचा अडकलेला कासरा तोडायला. आता कोणाच्या खिशात तो नाही, म्हणून वाचनालयाच्या हॉलमध्ये प्रदर्शन भरवायचं तुम्ही ठरवलं. तुम्ही तक्ते लिहून पुढं गेलात. चाकूंची बॅग माझ्या घरी होती, म्हणून मी ती घेऊन एसटीनं निघालो. वाटेत नाकाबंदी. गणपती तोंडावर, वरून शस्त्रबंदीचा मनाईहुकूम लागलेला, मला त्याचा पत्ता नाही. शिपायानं बॅग मांडीवरून उचलली.

'काय हाय बे यात?'

'चाकू आहेत साहेब. जुने. प्रदर्शन आहे.'

'चाकूचं प्रदर्शन?'

सगळी गाडी हसली. मीही हसलो. मला वाटलं, सर सांगतील तर मिटेल. तुमचा नंबर मीच दिला. साहेबांनी माझ्याच मोबाइलवरून लावला, स्पीकरवर. तुम्ही म्हणालात, 'भागवत नावाचे एक कंडक्टर आहेत, तोंडओळख आहे. चाकूंचं मला काही माहीत नाही.'

मला वाटतं, तिकडे आवाज नीट गेला नसावा. रस्त्यावर गाड्या होत्या. साहेब कसे बोलले तेही तुम्हाला धमकावल्यासारखं वाटलं असेल. असं होतं.

माझी विनंती एवढीच. तुम्ही येऊन दोन वाक्यं सांगा, की हा आम्हा दोघांचा संग्रह आहे, प्रदर्शन होतं. वकील म्हणतात, तेवढ्यानं पुष्कळ होईल. बॅगेत कलाबाईचा चाकूही आहे, तो परत करायचा आहे.

इकडे सर्व ठीक, जामीन झाला आहे. माझा डावा कान जरा दुखतो, आंघोळीच्या वेळी पाणी गेलं असेल. वहिनींना नमस्कार.

आपला,
भागवत


अमडापूर
२९ सप्टेंबर २०२४

आदरणीय सर,

पत्र पोचलं असेल असं धरून चालतो.

मागच्या वेळी सर्व ठीक लिहिलं होतं. तसं नाही. ठाण्यात टेबलावर सगळे चाकू उघडून मांडले, मागं मला उभं केलं, दोन्ही बाजूंना दोघं, आणि फोटो काढला. तो मोबाइलवर सगळीकडे गेला. वर लिहिलं होतं, 'शस्त्रसाठ्यासह एकास अटक'. तुम्ही पाहिला असेल. त्यात माझ्यापुढं तो पितळी मासोळीच्या आकाराचा चाकू आहे, पेरू कापायचा, लहान पोरीच्या हातात द्यावा असा. फोटोत तोही भयंकर दिसतो.

दीपकच्या मोबाइलच्या दुकानात गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, 'एखादा आमाले बी दे ना बे, बापाले सांगून.' एकाशी त्याची हातापायी झाली. आता तो दुकानातून येतो, जेवतो, माझ्याशी बोलत नाही. परवा एवढंच म्हणाला, 'बाबा, तुमाले टपाल तिकिटं जमवता येत नव्हती काय?'

मी देऊळघाटला जाऊन आलो. न जाऊन चालणार नव्हतं. कलाबाईला फोटोचं काही माहीत नाही, तिच्याकडे तसला मोबाइल नाही. मला पाहून तिनं अंगणातच विचारलं, 'आणला का माह्या बुढ्याचा चाकू?'

तुम्हाला आठवत असेल तिनं तो कसा दिला. तिचा नवरा उकंडराव आंब्याची कलमं बांधायचा, आयुष्यभर त्याच एका चाकूनं. पातं घासून घासून काडीएवढं राहिलेलं. आपण विकत मागितला तेव्हा ती म्हणाली होती, विकायचा नाही, घरात कोणी बाळंतीण झाली की तो तिच्या उशाखाली लागतो, तिच्या साऱ्या लेकी-सुनांच्या वेळी तो तिथं होता. मग तुम्ही प्रदर्शनापुरता मागितला. ती म्हणाली, 'माही नात समता पोटुशी हाय. तिच्या बाळंतपणाच्या आंधी मले परत पाह्यजे.' तुम्ही तिच्या हातावर हात ठेवून म्हणालात, 'आजी, मी स्वतः आणून देईन.'

मी नाही म्हणालो, सर. तुम्ही म्हणालात.

तिला मी सांगितलं की चाकू सरांजवळ आहे, सर पुण्याला आहेत. ती म्हणाली, 'मंग काही फिकीर नाही.'

कान अजून बरा नाही. तिकडून काही कळवा.

भागवत


अमडापूर
२४ ऑक्टोबर २०२४

सर,

आज लिहिणार नव्हतो. पण दुसरं कोणाजवळ बोलायचं? इतकी वर्षं कुठं काही चांगलं-वाईट घडलं की पहिलं तुम्हाला सांगायचो. ती सवय मोडत नाही.

घरात थोडे चाकू उरले होते, प्रदर्शनात न घेतलेले. आतली कमान मोडून पातं ढिलं झालेले, मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेले. मी शेतातून आलो तर डबा रिकामा. दीपकच्या आईला, पुष्पाला विचारलं.

'विहिरीत टाकले.'

'काऊन?'

'घरात राह्यले तर पुन्हा येतीन ते लोकं.'

त्या दिवशी मी ठाण्यात असताना ते घर पाहायला आले होते. गव्हाची कोठी उपसली, दीपकच्या बायकोची, प्रेरणाची पेटी उघडली. शेजारी दारात उभे होते. पुष्पानं हे मला आत्ता सांगितलं. तिला आता चाकू म्हटलं तरी चालत नाही. कांदा विळीवर चिरते.

वकिलांनी रस्ता काढला आहे. म्हणतात, गुन्हा कबूल करा, थोडका दंड होईल, एका दिवसात मोकळे. दीपकचंही तेच म्हणणं आहे. मी विचारलं, चाकूंचं काय? ते सरकारजमा होतील, मग कधीतरी नष्ट करतील. मी म्हटलं, त्यात एक चाकू माझा नाही, एका म्हातारीचा आहे. वकील म्हणाले, 'भागवतराव, तिला बाजारातून दुसरा घेऊन द्या.'

मी कबूल करणार नाही. गुन्हाच केला नाही तर कबूल काय करू?

आता दुसरं. वाचनालयातले ग्रंथपाल भेटले. त्यांनी आनंदानं सांगितलं, सरांची हिमानी तलाठी परीक्षेत निवडली गेली, पोलीस पडताळणी चालू आहे. मी विचारलं, कधीची गोष्ट? ते म्हणाले, 'ऑगस्टातच यादी लागली.'

म्हणजे त्या दिवशी फोनवर तुम्हाला ऐकू आलं होतं. नीट ऐकू आलं होतं.

सर, पोरीसाठी माणूस काय करणार नाही? तुम्ही मला आधी म्हणाला असता, 'भागवतराव, माझं नाव घेऊ नका,' तर मी नसतं घेतलं. सारे चाकू माझेच म्हटलं असतं. मला त्याचं काही वाटलं नसतं. पण तोंडओळख? माझ्या डब्यातलं खाल्लंत, माझ्या घरी दीपकच्या लग्नात तुम्ही मंगलाष्टकं म्हटलीत. लोणारच्या बाजारात उन्हानं तुम्हाला चक्कर आली तेव्हा मी तुम्हाला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेलं होतं. तोंडओळखीच्या माणसाला कोणी पाठीवर घेत नाही.

एवढंच लिहायचं होतं. उत्तराची वाट पाहत नाही.

भागवत


अमडापूर
१९ नोव्हेंबर २०२४

सर,

उत्तराची वाट पाहत नाही लिहिलं होतं, पण उत्तर आलं. तुमच्याकडून नाही.

हिमानी आली होती. एकटी, एसटीनं. मी ओट्यावर कापूस निवडत बसलो होतो. आधी ओळखलंच नाही, चेहरा उतरलेला. पाया पडली. म्हणाली, 'काका, मी दिवाळीला पुण्याला गेले तेव्हा तुमची पत्रं पाहिली. बाबांनी एकही फोडलं नव्हतं. आईनं फोडली आणि मला वाचायला दिली.'

मी विचारलं, 'सर कसे आहेत?'

'बोलत नाहीत. खिडकीत बसतात. आई तुमचं नाव काढते तेव्हा उठून आत जातात.'

हे मी तुम्हाला सांगून राह्यलो, म्हणजे तुमचीच गोष्ट तुम्हाला. पण तुम्ही पत्रं फोडत नाही, तर हेही वहिनीच वाचतील. वहिनी, तुम्हाला नमस्कार. तुमचा राग नाही.

पुष्पा आधी बाहेर आली नाही. मग पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि हिमानीसमोर उभी राहिली. म्हणाली, 'तुह्या बापानं माह्या माणसाले ओळख दाखवली नाही, माहीत हाय ना तुले?' पोरगी म्हणाली, 'हो काकू. म्हणूनच आले.' पुष्पानं तांब्या तिच्या हातात दिला आणि खाली बसली.

तक्त्यांसाठी प्रत्येक चाकूचा फोटो हिमानीनं काढला होता, हे मी विसरूनच गेलो होतो. तिच्या मोबाइलमध्ये सगळे आहेत. पोळ्याच्याही आधीचे, तारखेसकट. तुमच्या घरच्या टेबलावर, बाजूला तुमचा चष्मा, एका फोटोत मी कलाबाईचा चाकू धरून बसलेलो. ती म्हणाली, 'मी कोर्टात येते. हे दाखवते. संग्रह माझ्या वडिलांचा आणि काकांचा आहे, असं सांगते.'

मी म्हटलं, 'तू यात नको पडू बाई. तुही नोकरी जाईन.'

'जाईल तर जाईल.'

'तुह्या बापानं ज्याच्यासाठी एवढं केलं ते तू असं घालवून राह्यली?'

ती रडायला लागली. म्हणाली, 'त्यांनी माझ्यासाठी केलं असं सगळे म्हणतात. मला कोणी विचारलं होतं का काका? मी रोज त्या खुर्चीवर बसून लोकांचे उतारे देणार, आणि तुमचा फोटो कोणाच्या तरी मोबाइलमध्ये असणार.'

दीपक दुकानातून आला होता, दारात उभा राहून ऐकत होता. इतक्या दिवसांनी तो माझ्या शेजारी येऊन बसला. त्यानं तिच्या मोबाइलमधले फोटो आपल्याकडे घेतले, दुकानात छापून आणले, तिला गाडीवर स्टँडला सोडून आला. जेवताना म्हणाला, 'बाबा, कबूल नका करू.'

निवडणुकीच्या बंदोबस्तामुळे तारीख पुढं गेली आहे. कोर्ट आता जानेवारीत.

मी तिला अडवलं, हे तुम्हाला कळावं म्हणून लिहिलं. तिनं ऐकलं नाही.

भागवत


अमडापूर
१२ जानेवारी २०२५

सुधाकरराव,

सर म्हणायला आज हात वळत नाही.

हिमानी कोर्टात आली. वकिलांनी फोटो पुढं ठेवले. न्यायाधीश बाई होत्या. त्यांनी बॅग उघडायला लावली, एकेक चाकू हातात घेऊन पाहिला. बऱ्याच चाकूंची पाती बोटापेक्षा लांब नव्हती. त्यांनी हिमानीला विचारलं, हे कोण जमवतं? ती म्हणाली, 'माझे वडील सुधाकर आणि हे भागवतकाका. आमच्या घरी मी लहानपणापासून पाहते आहे.' बाईंनी चाकू आम्हाला परत द्यायचा हुकूम केला. केस चालू राहील, पुढची तारीख एप्रिलची आहे. वकील म्हणतात, निघून जाईल.

बॅग घेताना पाहिलं. पावसाळाभर ओल्या खोलीत पडलेली, बरेच चाकू गंजले. काही कमीही आहेत, मासोळी नाही. मी कोणाला विचारलं नाही. कलाबाईचा होता. तेवढा पुसून खिशात घातला, बाकी दीपकजवळ दिले.

आणि तुम्ही तिथं होता. कोर्टाच्या फाटकाबाहेर, झेरॉक्सच्या दुकानाशी, मफलर गुंडाळून. दाढी वाढलेली. मी बाहेर आलो तेव्हा तुम्ही माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मी ओळख दाखवली नाही. मुद्दाम. तुमच्या समोरून गेलो. वाटलं होतं बरं वाटेल. वाटलं नाही.

पुण्याहून एवढ्या लांब आलात आणि पायऱ्या चढला नाहीत. पोरगी आत उभी होती.

आता एक गोष्ट लिहितो. ती पुष्पाला सांगितली नाही, दीपकला नाही, वकिलालाही नाही. तुम्ही फोन ठेवल्यावर साहेब म्हणाले, 'तुहा सर तर तुले ओळखत नाही.' मी म्हटलं, ओळखतात साहेब, पुन्हा एकदा लावून पाहा. तेव्हा बाजूच्या पोरगेल्या शिपायानं माझ्या डाव्या कानावर मारलं. दीपकपेक्षा लहान असेल. टोपी पडली ती मीच उचलली. त्या कानानं मला आता नीट ऐकू येत नाही. पुष्पा त्या बाजूनं बोलते तेव्हा मी मान हलवतो, ती म्हणते, लक्ष कुठं असते तुमचं?

चाळीस वर्षांच्या नोकरीत दारुडे पाहिले, टवाळ पोरं पाहिली, माझ्यावर कोणी हात टाकला नव्हता. हे कोणाला सांगणार? लाज मला वाटते, त्या पोराला नाही. तुम्हाला का सांगतो ते मलाच कळत नाही. सांगायचं माणूस तेच आणि ज्याच्यामुळं झालं ते माणूसही तेच, असं झालं आहे.

कोर्टातून तसाच देऊळघाटला गेलो. उशीर झाला होता. समता आधीच बाळंत झाली होती, मुलगी, घरात तिला छकुली म्हणतात. कलाबाईनं उशाखाली भाजीची सुरी ठेवली होती. चाकू हातात दिला तर तिनं पदरानं पुसला, पातं उघडून पाहिलं, मिटलं, आणि माझ्या मागं रस्त्याकडं पाहिलं.

'सर नाही आले? मले म्हनले होते, सोता आणून देईन.'

मी म्हटलं, 'त्यायची तब्येत बरी नाही. मोठं ऑपरेशन झालं. पुण्याले हायेत.'

तिला वाईट वाटलं. म्हणाली, देवाजवळ सांगते. मी चहा प्यायलो आणि निघालो. का खोटं बोललो? त्या घरात तुमचं नाव पडू नये, असं वाटलं. दुपारी ज्याच्या समोरून मान वळवून गेलो, संध्याकाळी त्याच्यासाठी खोटं बोललो.

तुमच्या वाट्याचे चाकू वेगळे काढून ठेवले आहेत. कोणाला तरी पाठवून घेऊन जा. तुम्ही येऊ नका.

भागवत


अमडापूर
९ फेब्रुवारी २०२५

सुधाकरराव,

काल देऊळघाटला बारसं होतं. पुष्पा आणि मी गेलो. पुष्पानं छकुलीसाठी झबलं शिवलं होतं.

कलाबाईनं पुष्पाला पाटावर बसवलं, हळदीकुंकू लावलं. माझ्याकडं पाहीनासुद्धा. मी दोनदा नमस्कार केला. शेवटी म्हणालो, 'काय झालं आजी?'

'खोटा माणूस हाय तू.'

सगळ्या बाया पाहायला लागल्या.

'तुहा सर येऊन गेला अठी. धडधाकट हाय. कुठी झालं त्याचं आपरेशन?'

ती म्हणाली, तुम्ही तीन-चार दिवसांपूर्वी आलात, एकटेच, रिक्षानं. अंगणात उभे राहिलात, आत या म्हटलं तरी आत आला नाहीत. तुम्ही सगळं सांगितलंत म्हणे. नाकाबंदी, फोन, ठाणं, कोर्ट. 'आजी, त्यांनी माझं नाव घेतलं आणि मी ओळख नाकारली,' असं म्हणालात. आणि माझा कान. तेही तिला सांगितलंत. म्हणजे तुम्ही माझं पत्र वाचलं.

पुष्पा तिथंच बसली होती. कानाचं तिनं कलाबाईच्या तोंडून, साऱ्या बायांसमोर ऐकलं. तिनं झबल्याची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

कलाबाईला मी विचारलं, 'मंग तुमी काय म्हनलं त्यायले?'

'काय म्हननार? लय वाईट केलं म्हनलं. तो म्हने, हाव. मंग मी चहा देल्ला. रडत रडत प्याला.' आणि माझ्याकडं बोट करून म्हणाली, 'त्यानं मले खरं सांगतलं. तू काऊन झाकून राह्यला होता बे? मले काय लेकरू समजला?'

मला राग आला, सुधाकरराव. कोर्टाची पायरी चढायला तुम्हाला पाय नव्हते, आणि या अंगणात येऊन खरं बोलून तुम्ही चहा पिऊन गेलात. खोटा मी ठरलो. बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. मग मलाही हसू आलं, तिथंच, पाळण्याजवळ. फोटो पाहिल्यापासून मी हसलो नव्हतो. हसता हसता डोळ्याला पाणी आलं तेव्हा बायांचं हसणं थांबलं.

परतीच्या गाडीत पुष्पा माझ्या डाव्या बाजूला बसली होती. अमडापूर जवळ आलं तेव्हा उठली आणि उजव्या बाजूला येऊन बसली. म्हणाली, 'उद्या चिखलीले कानाच्या डाक्टरकडं जाऊ.' बस्स, एवढंच. आज जाऊन आलो. पडदा फाटला आहे, ऑपरेशन करावं लागेल, थोडंफार ऐकू येईल म्हणतात.

हिमानीचा दीपकला फोन आला होता. तिची नेमणूक झाली. कोर्टात साक्ष दिली म्हणून पडताळणीत कोणी एका शब्दानं विचारलं नाही. साक्ष देणं हा काही गुन्हा नाही, असं तिला तिथला कारकून म्हणाला. तुम्हालाही ते कळलं असेल. तुमचं काय झालं असेल, ते मी विचार करून पाहिलं. मग सोडून दिलं.

गावात अजून लोक चाकूवाले म्हणतात. जाईल हळूहळू, किंवा नाही जाणार.

परवा मोबाइल परत मिळाला. लगेच तुमचा फोन आला. नाव दिसलं, 'सर' असंच साठवलेलं आहे. पुष्पाला म्हटलं, तू घे. तिनं माझ्या हातात ठेवला आणि आत गेली. मी वाजू दिला. मला तुमचा आवाज ऐकवेल असं वाटत नाही. अजून नाही. किती दिवस नाही, ते सांगता येत नाही, आणि उगाच आशा लावणं मला जमत नाही.

तुमच्या वाट्याचे चाकू पाठवले नाहीत. गंज काढायला घेतला आहे, माझे नि तुमचे एकत्रच तेलात पडले आहेत. त्याचा दुसरा काही अर्थ काढू नका. वेगळं भांडं नव्हतं.

फोन करू नका. माझी पत्रं तुम्ही शेवटी वाचलीत, तर आता उत्तर लिहा. माफी लिहायची की काय लिहायचं, ते मी सांगणार नाही. आलं तर मी फोडीन.

भागवत